तांब्याच्या पाइपला भोके पाडणारा फ्लक्स

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बंगल्यातल्या किंवा हॉटेलातल्या तांब्याच्या पाइपलाइनला दोन-तीन वर्षांतच सुईच्या टोकाएवढी भोके पडली की दोष बहुधा बोअरच्या जड पाण्याला दिला जातो, नाहीतर पाइप विकणाऱ्याला. काही वेळा तो खराही असतो. पण गळका तुकडा कापून, उभा चिरून पाहिला तर अनेकदा वेगळेच दिसते. सांध्यापासून निघालेला मेणचट, हिरवट ओघळ पाइपच्या तळाने पुढे गेलेला असतो आणि नेमका त्या ओघळाखालीच ओळीने खड्डे पडलेले असतात. हा ओघळ फ्लक्सचा, म्हणजे कथिलाच्या मिश्रधातूची तार (सोल्डर) वितळवून सांधा भरण्याआधी तांब्यावर लावायच्या पेस्टचा. सांधा जोडताना बोटभर जास्त लावलेला, आत ढकलला गेलेला आणि नंतर कुणीही न धुतलेला.

आपल्याकडे आता सीपीव्हीसीच्या प्लास्टिक पाइपचे राज्य असल्याने तांब्याच्या पाण्याच्या लाइन कमी उरल्या आहेत. तरी सौर बंबाच्या गरम पाण्याच्या लाइन, जुने बंगले, हॉटेले येथे तांबे आहेच आणि महाग असल्यामुळे ते हौसेने, टिकावे म्हणून घातलेले असते. म्हणूनच हे काम बिघडलेले पाहून वाईट वाटते. सीपीव्हीसीला सोल्व्हेंट सिमेंट सढळ हाताने लावणारा तोच हात इथे फ्लक्स लावतो, आणि चूक तिथे सुरू होते. सोल्व्हेंट सिमेंट चिकटवते. फ्लक्स काहीच चिकटवत नाही.

फ्लक्स काय करतो हे समजायला कल्हईवाला आठवावा. तो भांडे तापवतो, नवसागराची पूड टाकतो, पांढरा धूर उठतो आणि कापसाच्या बोळ्याने कथील फिरवताच ते आरशासारखे पसरते. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. नळकामाच्या पेस्ट फ्लक्समध्ये हाच नवसागर आणि झिंक क्लोराइड असते, पेट्रोलियम जेलीत कालवलेले. सोनार टाकणखार वापरतो तोही याच कारणासाठी, फक्त त्याचे काम जास्त तापमानावर चालते. फ्लक्सची कामे तीन: साफ केलेल्या तांब्यावर उरलेला ऑक्साइडचा पातळ थर विरघळवणे, तापवताना हवा लागून तो थर पुन्हा चढू न देणे, आणि वितळलेले सोल्डर तांब्यावर थेंब बनून न राहता पसरेल असे करणे. तेल, माती, सिमेंट, जुना काळा थर काढणे हे त्याचे काम नाही. डब्यावर ‘स्वतः साफ करणारा’ असे छापलेले असले तरीही नाही.

कल्हईवाला शेवटी भांडे पाण्यात बुडवून स्वच्छ करतो. पाइपच्या आत हात जात नाही, नजरही जात नाही, त्यामुळे नेमकी ही शेवटची पायरी गळून पडते. पेट्रोलियम जेली थंड पाण्यात विरघळत नाही. ती तांब्याला चिकटून बसते आणि आपल्या पोटातली क्लोराइडे तिथेच धरून ठेवते. थराखाली प्राणवायू कमी, आम्लता जास्त, आणि खड्डा खोल होत जातो. गरम पाण्याच्या लाइनमध्ये मेण मऊ होऊन बरेचसे वाहून जाते. म्हणून फ्लक्सची भोके बहुधा थंड पाण्याच्या लाइनला पडतात. गरम लाइन ठणठणीत आणि शेजारची थंड लाइन गळकी, असे चित्र असेल तर पाण्याची तपासणी करण्याआधी सांध्याशेजारचा एक तुकडा चिरून पाहावा.

आता फ्लक्स किती लावावा हे ‘थोडासा’ म्हणून भागत नाही, कारण प्रत्येकाचा थोडासा वेगळा. गणित करून पाहू. १५ मिमी बाहेरील व्यासाच्या पाइपचा परीघ सुमारे ४७ मिमी. फिटिंगचा कप, म्हणजे पाइप आत बसतो ती खोबण, जेमतेम ११ मिमी खोल. पाइप आणि कप यांच्यातली फट ०.०५ ते ०.१२५ मिमी. फट ०.१ मिमी धरली तर एकूण पोकळी ५२ घन मिमी भरते. मुगाचा एक दाणा. एवढ्या जागेत आधी फ्लक्स असतो, तो वितळून बाहेर सरकतो आणि त्याची जागा सोल्डर घेते. म्हणजे मुगाच्या दाण्याहून जास्त फ्लक्सला त्या सांध्यात जागाच नाही. जास्तीचा एकतर बाहेर ओघळतो किंवा आत. सोल्डरचाही हिशेब यातूनच निघतो. २ मिमी जाडीची तार साधारण १६-१७ मिमी लागते, म्हणजे जवळपास पाइपच्या व्यासाइतकीच. हातभर तार संपवणारा कारागीर सांधा मजबूत करत नसतो, पाइपच्या आत सोल्डरचे मणी सोडत असतो.

फ्लक्स लावण्याआधीची तयारी हेच अर्धे काम आहे. पाइप कटरने काटकोनात कापावा. हॅक्सॉने कापल्यास टोक तिरके होते आणि कपात सगळीकडून टेकत नाही. कापल्यावर आतल्या बाजूला जी कड उभी राहते ती रीमरने काढलीच पाहिजे. ती राहिली तर पाणी तिथे घुसळते, आणि गरम पाणी वेगाने धावत असेल तर सांध्याच्या पुढचे तांबे त्या घुसळण्याने झिजते. मग पाइपचे टोक कपाच्या खोलीपेक्षा किंचित जास्त लांबीपर्यंत एमरी कापडाने किंवा नायलॉन पॅडने घासावे आणि कप त्याच मापाच्या तारेच्या ब्रशने. तांबे लखलखीत दिसले की थांबावे. फार घासले तर फट वाढते आणि सोल्डर वर चढवणारी केशाकर्षणाची ताकद कमी होते. भांडी घासायचा स्टीलचा काथ्या इथे वापरू नये, त्याचे तंतू आत राहतात. साफ केलेल्या भागाला पुन्हा बोट लावायचे नाही. बोटाचे तेल सोल्डरला पुरेसे नडते.

साफ केल्यावर लगेच फ्लक्स. तासाभराने नव्हे. लावायचा तो लहान ब्रशने, बोटाने कधीच नाही. एकतर बोटाचा थर जाड पडतो आणि दुसरे म्हणजे झिंक क्लोराइड डोळ्यात, तोंडात किंवा जखमेत गेले की चांगलेच झोंबते. थर इतका पातळ असावा की खालचे तांबे चमकताना दिसले पाहिजे. पाइपच्या अगदी टोकाची दोन-तीन मिमी जागा कोरडी सोडावी; तिथला फ्लक्स सगळ्यात आधी आत जातो.

कपाच्या आत फ्लक्स लावावा की नाही, यावर दोन परंपरा आहेत. अमेरिकी पद्धतीत पाइप आणि कप दोन्हींवर पातळ हात फिरवतात. ब्रिटिश पद्धतीत फक्त पाइपला बाहेरून लावतात, कारण कपातला फ्लक्स पाइप सरकवताना नांगराच्या फाळासारखा पुढे ढकलला जातो आणि थेट पाण्याच्या वाटेत पडतो. आमचे मत असे की १५ आणि २२ मिमीच्या पाइपला ब्रिटिश रीत बरी. २८ मिमी आणि त्यावरील सांध्यात कप खोल असतो, तापायला वेळ लागतो, तोवर उघड्या कपावर ऑक्साइड चढण्याची भीती असते. तिथे कपातही ब्रशचा नुसता ओलसर हात फिरवावा, पण कपाच्या तळाशी नाही. पाइप आत घालताना अर्धा वेढा फिरवत, तळाला टेकेपर्यंत न्यावा. त्याने फ्लक्स सगळीकडे सारखा लागतो. बाहेर आलेला फ्लक्स सुती फडक्याने पुसून घ्यावा. ही पुसण्याची पायरी दहा सेकंदांची आहे आणि तीच सर्वांत जास्त वगळली जाते. बाहेर राहिलेल्या फ्लक्समागे सोल्डर बाहेरही धावते, कारण फ्लक्स जिथपर्यंत जाईल तिथपर्यंत सोल्डर जाते. फ्लक्स लावून जोडलेले सांधे रात्रभर तसेच ठेवू नयेत. ज्या दिवशी तयार केले त्याच दिवशी झाळून टाकावेत.

तापवताना फ्लक्स हाच तापमापक. ज्योत आधी पाइपवर, फिटिंगच्या जवळ, मग फिटिंगवर, आणि शेवटी कपाच्या तळाशी. फ्लक्सच्या थरावर थेट ज्योत रोखून धरू नये. फ्लक्स आधी पातळ होतो, मग बुडबुडे येतात, थोडा धूर निघतो. आता ज्योत बाजूला घेऊन तार सांध्याला टेकवून पाहावी. वितळली नाही तर तार काढून पुन्हा तापवावे. सोल्डर तापलेल्या तांब्याने वितळले पाहिजे, ज्योतीने नव्हे. ज्योतीने वितळवलेले सोल्डर बाहेरच्या कडेवर गोठते आणि आत फट रिकामीच राहते. आडव्या पाइपला खालून, मध्यापासून जरा बाजूला सुरुवात करून एका बाजूने वर जावे, मग परत खाली येऊन दुसऱ्या बाजूने वर. शिसेमुक्त सोल्डरपैकी ९५-५ कथील-अँटिमनी साधारण २३२ ते २४० अंश सेल्सिअसला वितळते. ९९.३ टक्के कथील आणि बाकी तांबे असलेले २२७ अंशांना. म्हणजे २३० ते ३१५ अंशांच्या पट्ट्यात काम उरकते. याला एलपीजीची टॉर्च पुरते. ऑक्सि-ॲसिटिलीनची ज्योत नवख्या हातात दिली की काही सेकंदांत फ्लक्स काळा पडतो.

काळा पडलेला फ्लक्स म्हणजे मेलेला फ्लक्स. तो ऑक्साइड विरघळवत नाही, उलट स्वतःच काजळीचा थर बनून बसतो. सोल्डर मग मण्यासारखे गोळा होऊन खाली पडते. अशा वेळी वरून आणखी फ्लक्स थापणे किंवा आणखी तापवणे हे दोन्ही निरुपयोगी. सांधा उघडायचा, दोन्ही भाग पुसायचे, घासायचे, नव्याने फ्लक्स लावायचा. दुसरा रस्ता नाही. झाळल्यावर सांधा हलवू नये, पाणी ओतून थंड करू नये. आपोआप निवला की ओल्या फडक्याने बाहेरचा फ्लक्स पुसावा, नाहीतर महिन्याभरात तिथे हिरवे डाग दिसू लागतात.

दुरुस्तीच्या कामात पाइपात पाणी थेंबथेंब येत असेल तर सांधा कधीच पुरेसा तापत नाही. पाणी वाफ होऊन उष्णता घेऊन जाते आणि फ्लक्स फुसफुसत बाहेर पडतो. लाइन पूर्ण रिकामी करावी. परदेशात राहणाऱ्या, घरची दुरुस्ती स्वतः करणाऱ्या मराठी वाचकांनी पाइपात पावाचा बोळा कोंबण्याची युक्ती ऐकली असेल. थेंब थांबतात हे खरे, पण तो चुरा नंतर नळाच्या जाळीत अडकतो. शेवटचा सांधा झाळताना जवळचा एखादा नळ उघडा ठेवावा. बंद लाइनमधली गरम हवा बाहेर पडायला वाट शोधते आणि वितळलेल्या सोल्डरमधूनच भोक पाडून निघते. पितळी व्हॉल्व्ह जोडायचा तर त्याचे वॉशर आणि आतला भाग काढून ठेवावा. पितळेचा गोळा तापायला वेळ घेतो, म्हणून ज्योत व्हॉल्व्हच्या अंगावर जास्त आणि पाइपवर कमी.

दाबचाचणीबद्दल एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. सोल्डर नीट न चढलेला, किंवा झाळायचाच राहून गेलेला सांधा फ्लक्सच्या मेणानेही काही काळ दाब धरतो. गार पाण्याने चाचणी घेतली, काटा हलला नाही, भिंत बुजवली, टाइल्स लागल्या आणि पहिल्यांदा सौर बंबाचे पाणी सोडले की मेण वितळून गळती सुरू. त्यामुळे गरम लाइनची चाचणी भिंत बुजवण्याआधी एकदा गरम पाणी फिरवूनच घ्यावी आणि प्रत्येक सांध्याभोवती सोल्डरची अखंड चकचकीत रेघ डोळ्यांनी पाहावी. मागच्या बाजूसाठी आरसा धरावा.

यानंतर धुणे. लाइन पूर्ण होताच नळांच्या जाळ्या, फिल्टर काढून, प्रत्येक नळ पूर्ण सोडून काही मिनिटे जोरात पाणी वाहू द्यावे. थंड लाइनसुद्धा शक्य असेल तर एकदा गरम पाण्याने धुवावी, कारण मेणाला थंड पाणी हलवत नाही. आणि इथे आपल्या बांधकामांची एक खास अडचण आहे. चाचणी होते पावसाळ्यात, ताबा मिळतो पुढच्या वर्षी. मधल्या काळात लाइन अर्धवट भरलेली राहते, तळाशी साचलेले पाणी, वर हवा, आणि तळातच फ्लक्सचा ओघळ. खड्डे पडायला याहून सोयीची स्थिती नाही. चाचणी झाल्यावर लाइन पूर्ण रिकामी करून कोरडी ठेवावी, नाहीतर भरलेली ठेवून दर आठवड्याला पाणी बदलावे.

खरेदी करताना काय मागावे? पाण्यात विरघळणारा, म्हणजे नुसत्या पाण्याने धुऊन जाणारा फ्लक्स. अमेरिकेतले एएसटीएम बी ८१३ हे मानक याच गोष्टीसाठी आहे. डब्यावर तो आकडा असेल तर डोळे झाकून घ्यावा. हार्डवेअरच्या दुकानात ‘सोल्डर पेस्ट’ म्हणून जी डबी मिळते ती बऱ्याचदा रेडिएटरच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या कामाची असते. राळेचा फ्लक्स पाइपला पुरा पडत नाही, आणि पाइपचा आम्लधर्मी फ्लक्स सर्किट बोर्डला कधी लावू नये. डबे-पत्र्यांना डाग देणारे कारागीर हायड्रोक्लोरिक ॲसिडात जस्ताचे तुकडे विरघळवून घरीच जे पाणी बनवतात ते पाण्याच्या पाइपला अजिबात नको. काही फ्लक्समध्ये सोल्डरची पूड मिसळलेली असते, त्यामुळे तापवताच कडेला चंदेरी रेघ दिसते आणि सांधा भरला असा भास होतो. ती पूड फट भरायला पुरत नाही, तार द्यावीच लागते.

सोल्डरचेही तेच. बाजारात ६०-४० कथील-शिशाच्या कांड्या सहज मिळतात आणि त्या सुंदर वाहतात, म्हणून कारागिरांना आवडतात. पिण्याच्या पाण्याला त्या चालणार नाहीत. आपल्या आयएस १०५०० या पेयजलाच्या मानकात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे आणि तिला सवलत नाही. अमेरिकेने १९८६ सालीच पिण्याच्या पाण्याच्या लाइनमधले सोल्डर आणि फ्लक्स ०.२ टक्क्यांहून जास्त शिसे असल्यास बंद केले. तिकडे त्याआधीची घरे घेतलेल्या मराठी कुटुंबांनी रात्रभर साचलेले पाणी सोडून दिल्यावरच स्वयंपाकाला घ्यावे.

एसीच्या पाइपचे आणि रुग्णालयातल्या ऑक्सिजन लाइनचे काम यात धरू नये. तिथे ४५० अंशांच्या वर ब्रेझिंग, म्हणजे जास्त तापमानावरचे झाळकाम चालते, तांब्याला तांबे जोडताना फॉस्फरस मिसळलेल्या तांब्याची कांडी वापरतात आणि फ्लक्स लागतच नाही. फॉस्फरसच ऑक्साइड ओढून घेतो. आत नायट्रोजन सोडून काळी पापडी टाळतात. पितळ आले की मात्र फ्लक्स हवा. पाण्याच्या लाइनचा मेणचट फ्लक्स ऑक्सिजनच्या लाइनवर जाणे धोक्याचे आहे.

घर बांधणाऱ्यांना एवढेच सुचवायचे आहे की तांब्याचा ठेका देताना शिसेमुक्त सोल्डर, धुतला जाणारा फ्लक्स आणि चाचणीनंतरची धुलाई या तीन बाबी लेखी घ्याव्यात आणि काम सुरू होण्याआधी कारागिराला १५ मिमीचा एक नमुना सांधा करायला सांगावा. तो हॅक्सॉने उभा चिरायचा. कपात सोल्डरचा चंदेरी थर सलग, पाइपच्या आत ना मणी ना हिरवट चिकटा, असे दिसले तर पुढचे काम निर्धास्त द्यावे. चिकटा दिसला तर त्याच्या हातात ब्रश द्यावा आणि दुसरा सांधा करून घ्यावा.

कळावे,
नळकाम क्षेत्रातील काही वाचक, पुणे